उतारावरची बेणणी आणि ट्रॅक्टर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पाऊस ओसरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दरवर्षी बदलतो. कीड आणि रोगांच्या जागी गवत येते. आंबा-काजूच्या बागांतले, डोंगरउतारावरच्या पड जमिनीतले आणि बांधांवरचे छातीभर वाढलेले गवत वणव्याच्या दिवसांपूर्वी काढायचे असते, बेणणीला, म्हणजे हे गवत हाताने काढायला, माणसे मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही. त्यामुळे सपाट शेतासाठी घेतलेला ट्रॅक्टर मागे स्लॅशर, म्हणजे फिरत्या पात्यांनी गवत कापणारे यंत्र, जोडून उतारावर नेला जातो. यंदा अशी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे सविस्तर उत्तर देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, पण उरलेल्या चारही पत्रांचा पाया तेथेच असल्याने ते आधी वाचावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : लांजा तालुक्यात माझी सहा एकरांची काजू-आंब्याची बाग असून ती बहुतेक उतारावर आहे. गेल्या वर्षी जुना २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि चार फुटी स्लॅशर घेतला. काही भागांत आडवा चालवताना ट्रॅक्टर खालच्या अंगाला कलतो आणि पोटात गोळा येतो. किती उतारापर्यंत ट्रॅक्टर न्यावा? आडवा चालवावा की उभा?

उत्तर : पोटात गोळा येतो तेथे थांबावे, हे पहिले उत्तर. मात्र केवळ भीतीवर विसंबून चालत नाही, कारण सवयीने भीती मरते आणि उतार तेवढाच राहतो. म्हणून उतार मोजावा. गवंड्याकडची लेव्हल आणि २ मीटर लांबीची सरळ पट्टी एवढे साहित्य त्याला पुरते. पट्टीचे एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवावे, लेव्हल पाहून पट्टी आडवी समपातळीत धरावी आणि दुसऱ्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर राहते ते मोजावे. हे अंतर ३० सेंटिमीटर भरले तर उतार १५ टक्के, म्हणजे सुमारे साडेआठ अंश होतो. ४० सेंटिमीटर म्हणजे २० टक्के, सुमारे ११ अंश, आणि ५० सेंटिमीटर म्हणजे २५ टक्के, सुमारे १४ अंश. टक्के आणि अंश यांची गल्लत करू नये. मोबाइलमधील कोन दाखवणारे ॲप वापरायचे असेल तर मोबाइल थेट जमिनीवर न ठेवता याच पट्टीवर ठेवून, पट्टी जमिनीला टेकवून पाहावे, म्हणजे मधल्या खडबडीचा परिणाम होणार नाही.

आपल्या ट्रॅक्टरच्या आणि स्लॅशरच्या पुस्तिकांत उताराची मर्यादा दिलेली असेल, तर त्या दोन आकड्यांतील कमी आकडा आपला मानावा. पुस्तिका हाती नसेल तर अरुंद मिनी ट्रॅक्टरसाठी माझा स्वतःचा नियम असा आहे : पट्टीखालचे अंतर ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तेथे आडवे चालवायचे नाही, आणि ५० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तेथे उभेही चालवायचे नाही. त्यापुढचा भाग ग्रास कटरने किंवा कोयत्याने काढावा. हा नियम काहींना फार सावध वाटतो. तो तसा का आहे, हे आकड्यांनी सांगतो.

समजा, ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर १०० सेंटिमीटर आहे आणि ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर आहे. चारही चाके एका चौकटीत घट्ट बसवलेली असती, तर असा ट्रॅक्टर सुमारे ४० अंशांपर्यंत कलल्याशिवाय पडला नसता. ४० अंश ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि चूक तेथेच होते. ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनेवर झुलता असतो, म्हणजे पुढची चाके खड्ड्यात-उंचवट्यावर वरखाली झाली तरी सांगाडा त्यांच्याबरोबर हलत नाही. याचाच दुसरा अर्थ असा की, झुलता ॲक्सल आपल्या थांब्याला जाऊन टेकेपर्यंत पुढची चाके सांगाड्याला कलण्यापासून रोखत नाहीत. ट्रॅक्टर चार पायांच्या चौरंगासारखा नव्हे, तर तिवईसारखा उभा असतो : दोन पाय मागची चाके आणि तिसरा पाय ती पिन. तिवई कोणत्या बाजूला लवकर कलंडते, हे तिच्यावर हंडा ठेवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. या हिशेबाने वरची ४० अंशांची मर्यादा तिशीच्या जवळ येते.

आता ट्रॅक्टर ११ अंशांच्या उतारावर आडवा चालला आहे असे धरा. खालचे मागचे चाक १० सेंटिमीटर खोल खड्ड्यात गेले आणि त्याच क्षणी वरचे चाक १० सेंटिमीटर उंचीच्या चिऱ्यावर चढले, तर १०० सेंटिमीटर रुंदीत २० सेंटिमीटरांचा फरक पडतो, म्हणजे आणखी ११ अंश वाढले. ट्रॅक्टर आता २२ अंशांत आहे. उरलेल्या सात-आठ अंशांत खालच्या टायरचे दबणे, उचललेल्या स्लॅशरमुळे वर सरकलेला गुरुत्वमध्य आणि चाक खड्ड्यात आदळल्याचा धक्का हे सगळे बसवायचे आहे. त्यातच चालकाने घाबरून स्टिअरिंग चढाच्या बाजूला फिरवले, तर वळणाचा जोर ट्रॅक्टरला खालच्या अंगाला ढकलतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की चौपट होतो. म्हणून गवत कापताना वेग ताशी २ ते ४ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या निवांत चालीइतकाच असावा आणि ट्रॅक्टर घसरू लागला तर स्टिअरिंग हळूच उताराच्या बाजूला द्यावे, चढाच्या बाजूला नव्हे.

आडवे की उभे, या प्रश्नात आपल्याकडे एक जुनी सवय आड येते. नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करावी, हे मृदसंधारणाचे तत्त्व आपण अनेक वर्षे शिकत आलो आणि ते बरोबरच आहे, कारण उभ्या तासांतून पाणी धावते आणि माती नेते. पण स्लॅशर माती उघडी करत नाही. गवताची मुळे जागेवर राहतात, तास पडत नाही, त्यामुळे चाक जागेवर फिरून माती खरवडली जाणार नाही एवढे सांभाळले, तर उभे कापण्याने जमिनीची हानी होत नाही. नांगरटीची शिस्त येथे लावण्याचे कारण नाही. मध्यम उतारावर ट्रॅक्टर वरून खाली सरळ आणावा, खालच्या सपाट जागेत वळवावा आणि स्लॅशर बंद करून, तो जमिनीलगत ठेवून, बागेच्या कडेच्या सौम्य वाटेने पुन्हा वर न्यावा. यात वेळ जातो, हे मान्य आहे.

उतरताना गिअर वरच ठरवून, लो गिअर टाकून निघावे. मधल्या उतारात गिअर बदलणे, क्लच दाबून ठेवणे किंवा न्यूट्रल करणे यांपैकी काहीही करू नये, कारण त्या क्षणी इंजिनाची रोख, म्हणजे गिअरमधील इंजिनामुळे वेगाला बसणारा आळा, संपते. बऱ्याच ट्रॅक्टरांत ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि उतरताना वजन पुढे सरकल्याने नेमकी तीच चाके हलकी झालेली असतात. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर उतरताना तो लावलेला असावा, म्हणजे पुढची चाकेही इंजिनाच्या रोखीत येतात. मात्र फोर-व्हील ड्राइव्हमुळे ट्रॅक्टर कमी कलतो, हा समज खोटा आहे. त्याने पकड वाढते, तोल वाढत नाही. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडले एकत्र जोडणारी कडी लावलेली आहे ना, हे बागेत शिरण्यापूर्वी हाताने चाचपून पाहावे. शेतात चटकन वळता यावे म्हणून ती अनेक ट्रॅक्टरांवर कायम सुटलेली असते आणि उतारावर पाय एकाच पेडलवर पडला तर एकच चाक अडते व ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो.

चढताना धोका उलट बाजूचा. मागे स्लॅशरचे वजन, पुढे चढ, अशात पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. त्यासाठी बोनेटपुढे वजने लावावीत. चढावर थांबलेला ट्रॅक्टर क्लच झटक्यात सोडून पुढे काढू नये. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना फिरवण्याऐवजी सांगाड्यालाच मागे उलटवतो आणि हे सगळे एक-दीड सेकंदात घडते, तेवढ्यात पाय पुन्हा क्लचवर पोहोचत नाही. चढावर अडकलात तर रिव्हर्स गिअरमध्ये, क्लच न दाबता, हळूहळू खाली यावे. एखादी पट्टी एवढी उभी असेल की ती चढून जायची तर ट्रॅक्टर रिव्हर्समध्येच वर न्यावा लागेल, आणि रिव्हर्समध्येही तो वर जात नसेल, तर ती पट्टी ट्रॅक्टरची नाही.

मागच्या चाकांतील अंतर बहुतेक ट्रॅक्टरांत रिम आणि डिस्क उलटसुलट बसवून वाढवता येते. आपल्या बागेतील दोन ओळींत जागा असेल तर ते जरूर वाढवून घ्यावे. सुरक्षिततेसाठी इतक्या कमी खर्चात होणारे दुसरे काम नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. वरचे सगळे मोजमाप ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी, पायी करायचे आहे. उमेदीच्या काळात एका काजूच्या बागेत मी स्लॅशरचे प्रात्यक्षिक ठेवले होते. नोव्हेंबर संपत आला होता, गवत कमरेच्या वर होते आणि उतार डोळ्यांना अगदी साधा दिसत होता. तिसऱ्या फेरीला ट्रॅक्टरचे खालचे मागचे चाक एका जुन्या समतल चरात, म्हणजे पाणी अडवण्यासाठी उताराला आडव्या खणलेल्या चरात, गेले. गवताने तो चर काठोकाठ झाकलेला होता. वरचे चाक जमिनीपासून वीतभर उचलले गेले आणि हवेत संथपणे फिरत राहिले, स्लॅशर मात्र त्याच आवाजात गरजत होता. चालक अनुभवी होता. त्याने स्टिअरिंग सोडले नाही, इंजिन बंद केले, आणि आम्ही वरच्या बाजूने दोर टाकून सांगाडा काजूच्या बुंध्याला बांधेपर्यंत तो श्वास रोखून बसून राहिला. मग चढाच्या बाजूने उतरला. संध्याकाळी मी तो चर मोजला, तेव्हा तो ४५ सेंटिमीटर खोल भरला. बागेच्या मालकाला तो चर ठाऊक होता, पण त्याला कोणी विचारले नव्हते. विचारण्याचे काम माझे होते.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो आहे की, बागेची पाहणी वैशाखात, गवत नसताना करावी. चर, जुनी खड्ड्यांची आळी, पुरलेले चिरे, झाडांचे खुंट, वारुळे, साळिंदरांची बिळे, पडलेल्या कुंपणाची तार, जे जे दिसेल त्याच्या शेजारी छातीएवढ्या उंचीची काठी रोवावी आणि तिच्या वरच्या टोकाला चुना लावून लाल चिंधी बांधावी. पावसात चुना धुपतो, चिंधी टिकते. गवत वाढल्यावर त्या चिंध्याच तेवढ्या दिसतात आणि त्या चालकाच्या कामी येतात. कापणीच्या आदल्या दिवशी गमबूट घालून, हातात काठी घेऊन पुन्हा एकदा ठरलेल्या पट्ट्यांतून चालावे. फुरसे आणि घोणस यांच्यासाठी तर हे आवश्यक आहेच, पण गांधीलमाश्यांची पोळी शोधण्यासाठीही आहे. उतारावर स्लॅशर चालू असताना माश्या अंगावर आल्या तर चालक ट्रॅक्टर सोडून पळतो, आणि मग ट्रॅक्टर कोठे जातो ते कोणाच्याच हातात राहत नाही. ताली आणि गडग्यांच्या कडेपासून, त्यांची जेवढी उंची असेल निदान तेवढे अंतर राखावे. पावसाळ्यानंतर या कडा आतून पोकळ झालेल्या असतात.

प्रश्न : पाटण तालुक्यातल्या आमच्या डोंगराकडच्या रानात माझा मुलगा ट्रॅक्टरने गवत कापतो. नातवंडे हट्टाने मडगार्डवर बसतात. ट्रॅक्टरला वर छत आहे, त्यामुळे उलटला तरी काही होणार नाही, असे मुलगा म्हणतो. मला झोप लागत नाही. त्याचे म्हणणे खरे आहे का?

उत्तर : ताई, त्याचे म्हणणे खरे नाही आणि आपली काळजी पूर्णपणे रास्त आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरवर दिसणारे बहुतेक छत पत्र्याचे किंवा फायबरचे असते आणि ऊन-पावसासाठी बसवलेले असते. दीड-दोन टनांचा ट्रॅक्टर त्याच्यावर आला तर ते चिपाडासारखे चिरडते. ज्याने जीव वाचतो त्याला रोल बार म्हणतात. चालकाच्या पाठीमागे, थेट ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलच्या घरावर बोल्टने घट्ट बसवलेली ती जाड पोलादी कमान असते, आणि ती ठरावीक भार देऊन तपासलेली असते. गावात वेल्डिंग करून उभारलेला पाइपचा सांगाडा हा रोल बार नव्हे, कारण त्याचे सांधे कोणत्या धक्क्याला तुटतील याची कोणीच परीक्षा केलेली नसते. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर ही कमान सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ नाहीसे झाले. आपल्या मुलाच्या ट्रॅक्टरसाठी कंपनीचा रोल बार मिळतो का, याची विक्रेत्याकडे चौकशी करावी. मिळत असेल तर गवताच्या कामासाठी दुसरे काही घेण्याआधी तो घ्यावा.

रोल बारबरोबर एक गोष्ट जोडलेली आहे आणि तिच्याबद्दल फार गोंधळ आहे. रोल बार असेल आणि तो उभा असेल, तर सीट बेल्ट लावलाच पाहिजे. ट्रॅक्टर कलंडताना बेल्ट चालकाला कमानीच्या आडोशात धरून ठेवतो, नाही तर तो बाहेर फेकला जाऊन कमानीखालीच सापडू शकतो. उलट रोल बार नसेल, तर बेल्ट लावू नये. फांद्यांखालून जाण्यासाठी दुमडता येणारा रोल बार असेल, तर तो फक्त त्या फांद्यांपुरता दुमडावा आणि तेवढ्या वेळापुरता बेल्ट सोडावा. बागेत तो कायम दुमडलेलाच ठेवलेला मी पुष्कळ ठिकाणी पाहतो, तेव्हा तो नसल्यासारखाच असतो. कमान आणि बेल्ट दोन्ही असताना ट्रॅक्टर उलटू लागला तर उडी मारू नये, स्टिअरिंग घट्ट धरून बसावे. उडी मारणारा बहुतेक वेळा उताराच्या बाजूलाच पडतो आणि ट्रॅक्टरही त्याच बाजूला येत असतो.

मडगार्डवर कोणीही बसू नये, आणि मुलांनी तर कदापि नाही. मडगार्डवरून घसरलेले मूल प्रथम मागच्या चाकापुढे येते आणि त्यामागे स्लॅशर असतो. ब्रेक लावून ट्रॅक्टर थांबवण्याइतके अंतर तेथे नसते. नातवंडांना ट्रॅक्टरची हौस आहे, ती मोडायची गरज नाही. ट्रॅक्टर अंगणात उभा असताना, इंजिन बंद करून, किल्ली आपल्या हातात घेऊन त्यांना सीटवर बसू द्यावे. रानात गवत कापायचे असेल त्या दिवशी मात्र मुले घरीच थांबतील, हे मुलाच्या आधी आपणच ठरवावे.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात माझा जुना ट्रॅक्टर आहे. स्लॅशर चालू असताना बांधाजवळ क्लच आणि ब्रेक दाबले तरी ट्रॅक्टर काही फूट पुढे रेटला जातो. ब्रेक नवीन टाकले, फरक पडला नाही. दोष कोठे आहे?

उत्तर : ब्रेकमध्ये दोष नाही. आपल्या ट्रॅक्टरला सिंगल क्लच असावा. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाकडून येणारी शक्ती क्लचनंतर चाकांकडे आणि पीटीओकडे, म्हणजे मागचे यंत्र फिरवणाऱ्या दांड्याकडे, वाटली जाते. क्लच दाबला की इंजिन सुटते, पण चाके आणि पीटीओ गिअरबॉक्समधून एकमेकांना जोडलेलेच राहतात. स्लॅशरची जड पाती मिनिटाला शेकडो फेऱ्यांच्या वेगाने फिरत असतात, ती एकदम थांबत नाहीत, आणि त्यांच्या फिरण्याचा जोर शाफ्टमधून उलटा येऊन मागची चाके फिरवतो. म्हणजे इंजिन सुटल्यावर काही क्षण स्लॅशरच ट्रॅक्टर चालवत असतो. सपाट शेतात हे फारसे जाणवत नाही. बांधाच्या किंवा दरीच्या कडेला तेच काही फूट जिवावर बेततात.

यावर पक्का उपाय म्हणजे पीटीओच्या दांड्यावर ओव्हररनिंग क्लच बसवणे. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये पायडल थांबले तरी चाक फिरत राहते आणि पायडल ओढले जात नाही, तेच काम हा क्लच येथे करतो : ट्रॅक्टर स्लॅशरला फिरवू शकतो, स्लॅशर ट्रॅक्टरला फिरवू शकत नाही. तो बसवल्याने शाफ्टची लांबी काही सेंटिमीटरने वाढते. म्हणून स्लॅशर पूर्ण वर, पूर्ण खाली आणि मध्ये अशा तिन्ही स्थितींत शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत टेकत नाहीत ना, हे इंजिन बंद ठेवून पाहावे आणि गरज असल्यास दोन्ही नळ्या सारख्या प्रमाणात कापून घ्याव्यात. तो बसवेपर्यंत कडेच्या बऱ्याच आधी थ्रॉटल कमी करावा, पीटीओ बंद करून मगच ट्रॅक्टर थांबवावा आणि कोणतीही पट्टी कड्याकडे तोंड करून संपवू नये. ट्रॅक्टर बदलण्याची वेळ आली तर ड्युअल क्लचचा किंवा स्वतंत्र पीटीओचा घ्यावा. ड्युअल क्लचमध्ये पेडल अर्धे दाबले की फक्त चाके सुटतात आणि पूर्ण दाबले की पीटीओही सुटतो.

फ्रीव्हील बसवल्यावर पाती थांबायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. पीटीओचा खटका बंद केल्यानंतर स्लॅशरची घरघर हळूहळू उतरत जाते, आणि आवाज थांबला असे वाटल्यावरही पाती काही क्षण नुसतीच, बिनआवाज फिरत असतात. अपघात त्या शांततेत होतात.

प्रश्न : आजरा भागातल्या आमच्या माळावर स्लॅशरचा शिअर बोल्ट दिवसातून तीन-तीन वेळा तुटत होता. शेवटी मेकॅनिकने कडक पोलादाचा बोल्ट टाकला. आता बोल्ट तुटत नाही, पण दगड लांब उडतात. मागच्या आठवड्यात एक दगड रस्त्यापर्यंत गेला. काय करावे?

उत्तर : तो कडक बोल्ट आजच काढावा. शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो. पाते दगडाला किंवा खुंटाला अडले की तो तुटतो आणि मागचा गिअरबॉक्स, शाफ्टचा क्रॉस आणि ट्रॅक्टरमधला पीटीओ वाचतो. बोल्ट तुटला नाही तर त्याच्यापेक्षा महाग असे काहीतरी तुटणार, आणि फिरता शाफ्ट तुटला तर तो चालकाच्या पाठीमागे मोकळा फिरतो. स्लॅशरच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाचे आणि ग्रेडचेच बोल्ट आणावेत व अर्धा डझन टूलबॉक्समध्ये ठेवावेत.

बोल्ट तीन वेळा तुटतो याचा अर्थ माळ आपल्याला काही सांगत आहे. कापणी फार खाली चालली आहे. ओबडधोबड जमिनीवर पाती निदान १५ सेंटिमीटर उंच ठेवावीत. वणवा टाळण्यासाठी गवत काढायचे तर एवढा बुडखा राहिल्याने बिघडत नाही. साइड स्किड (स्लॅशरच्या बाजूच्या, जमिनीवर टेकणाऱ्या पट्ट्या) किंवा मागचे चाक त्या उंचीला बांधून घ्यावे, केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर उंची राखू नये.

दगडाबद्दल एक हिशेब देतो. पात्याचे टोक मध्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि पाती मिनिटाला १००० फेरे घेत असतील, तर त्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी २२५ किलोमीटरच्या आसपास होतो. या वेगाने मारलेला लिंबाएवढा जांभ्याचा तुकडा काय करेल, हे सांगण्याची गरज नाही. स्लॅशरच्या पुढे आणि मागे साखळ्यांची किंवा जाड रबराची झालर असावी, एकही साखळी तुटलेली नसावी, आणि सुमारे १०० मीटरच्या आत माणूस किंवा गुरे नसावीत. माळावर गुराखी असतात. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे आणि रस्त्यालगतच्या पट्टीला एक माणूस सुरक्षित अंतरावर उभा करून, वाहन दिसताच त्याने झेंडा दाखवावा व चालकाने पीटीओ बंद करावा, अशी व्यवस्था करावी. सगळ्यांत बरे म्हणजे रस्त्याकडची २०-२५ फुटांची पट्टी हाताने काढावी.

पाती बदलताना नेहमी जोडीने बदलावीत. एक जड आणि एक हलके पाते असले की स्लॅशर थरथरतो आणि त्या थरथरीने पात्याचा बोल्ट सुटतो. पाती पाहण्यासाठी खाली जाताना इंजिन बंद, किल्ली खिशात आणि स्लॅशरखाली लाकडाचे भक्कम ठोकळे, हा क्रम कधीही मोडू नये. हायड्रॉलिकवर उचललेले यंत्र तेलाचा एक सील गेला तरी खाली येते. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण तुटले असेल तर काम थांबवून ते आधी बसवावे. ५४० फेऱ्यांचा पीटीओ सेकंदाला ९ वेळा फिरतो. टॉवेलचे किंवा पदराचे टोक त्याला लागले तर हात मागे घेण्याची उसंत मिळत नाही.

प्रश्न : कणकवली तालुक्यात आमची बाग आहे. गवत नेमके कधी कापावे? स्लॅशरने कापलेले गवत गुरांना वापरता येईल का? आणि सुके गवत कापताना आग लागते, असे ऐकले, ते खरे आहे का?

उत्तर : गवत पूर्ण वाळण्यापूर्वी, अर्धे हिरवे असतानाच कापावे. साधारणपणे नोव्हेंबर हा त्यासाठी चांगला महिना आहे. सकाळी दव असताना उतारावर ट्रॅक्टर घालू नये. ओल्या गवतावर टायर साबणावर घसरावे तसे घसरतात, म्हणून दव उडून जमीन कोरडी होईपर्यंत, दहा-साडेदहापर्यंत थांबावे. बागेभोवतीची जाळरेषा, म्हणजे आग आत येऊ नये म्हणून गवत काढलेला पट्टा, आधी काढावी आणि आतला भाग नंतर.

गुरांसाठी मात्र स्लॅशर उपयोगाचा नाही. तो गवताचे तुकडे करून मातीत आणि दगडांत विखरून टाकतो, त्याचे भारे बांधता येत नाहीत. चारा हवा असेल त्या पट्ट्या आधी विळ्याने कापून घ्याव्यात, किंवा सपाट भागात कटर बारचे यंत्र वापरावे, जे गवत बुडातून कापून अखंड आडवे पाडते.

आगीचे ऐकले ते खरे आहे. पाते कातळाला घासले की ठिणगी उडते आणि जानेवारीनंतरच्या गवताला ती पुरेशी असते. ट्रॅक्टरवर अग्निशामक नळकांडे आणि जवळ पाण्याचे दोन ड्रम ठेवावेत. दर तासाला थांबून रेडिएटरच्या जाळीवरचा, सायलेन्सरभोवतीचा आणि स्लॅशरच्या माथ्यावर साचलेला गवताचा भुगा झाडावा. इंजिन तापलेले असताना डिझेल भरू नये. काम संपल्यावर तापलेला ट्रॅक्टर थेट गोठ्यात किंवा गवताच्या उडवीजवळ लावू नये. मोकळ्या जमिनीवर तो अर्धा तास उभा करावा, इंजिनाखाली अडकलेले गवत हाताने ओढून काढावे आणि मगच आत घ्यावा.